जंगल पाहिले, म्हणजे काय पाहिले?

धायरी परिसरातील एका शाळेने मागच्या उन्हाळ्यात आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांची सहल ताडोबाला नेली होती. सहलीनंतर मुलांनी लिहिलेले वृत्तांत शाळेच्या भित्तिपत्रकावर लावले होते. ते वाचून अभिप्राय द्यावा, अशी विनंती विज्ञानाच्या बाईंनी मला केली. वृत्तांत मनापासून लिहिलेले होते. पण एकापाठोपाठ एक वाचत गेल्यावर लक्षात आले, की बहुतेकांची घडण एकच आहे. पहाटे उठलो, जिप्सीत बसलो, चितळ दिसले, सांबर दिसले, मोर दिसला, पण वाघ दिसला नाही. दुसऱ्या फेरीतही दिसला नाही. तिसऱ्या फेरीत संध्याकाळी पाणवठ्यावर वाघीण दिसली आणि सहल सार्थकी लागली. ज्यांच्या गाडीला ती दिसली नाही, त्यांनी ‘आमचे नशीबच खोटे’ असा शेवट केला होता.

यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. परत आल्यावर घरी, शेजारी, शाळेत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला असणार: वाघ दिसला का? ज्या प्रश्नाचे उत्तर सगळे मागतात, तेच मुले लिहितात. म्हणून या लेखात त्या वृत्तांतांची किंवा त्या शाळेची चर्चा करायची नाही. ‘जंगल सफारी’ या नावाने जो प्रकार आपण मुलांना दाखवतो, तो विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने कितपत उपयोगी आहे, तो काय दाखवतो, काय झाकतो, याची थोडी कसून तपासणी करायची आहे. पुण्याहून सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, पालकांचे बरेच पैसे खर्च करून आपण मुलांना तिथे नेतो. तेव्हा अशी तपासणी करणे आपले कामच आहे.

खिडकी केवढी?

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले, त्याचे क्षेत्र ५०८.८५ चौरस किलोमीटर. दोन्ही मिळून आजच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा होतो. त्याच्याभोवती आणखी मोठे बफर क्षेत्र आहे, आणि त्यात गावे, शेते व जंगल एकमेकांत मिसळलेले आहे.

आता वर्गात करता येईल असे एक गणित करू. गाभ्याचे क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही काळ थांबवले होते. त्याच वर्षी जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन करता येते. म्हणजे १२५ चौरस किलोमीटर. या भागातही आपण फक्त रस्त्यावरून जातो. समजा, एका फेरीत जिप्सी ४० किलोमीटर फिरली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरासरी ३० मीटरपर्यंतचे नीट दिसले. मग पाहिलेले क्षेत्र झाले ४० गुणिले ०.०६, म्हणजे २.४ चौरस किलोमीटर. गाभ्याच्या मानाने हे प्रमाण हजारात चार एवढेही भरत नाही. चार फेऱ्या चार वेगळ्या रस्त्यांनी केल्या, तरी ते दीड टक्क्याच्या आसपास राहते. प्रत्यक्षात रस्ते पुन्हा पुन्हा तेच असतात.

हे ४० आणि ३० हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. मुलांनी सहलीत गाडीचा किलोमीटर काटा वाचून आणि दृष्टीचे अंतर अंदाजून स्वतःचे आकडे घालावेत. उत्तर थोडेफार बदलेल, पण एक गोष्ट बदलणार नाही: आपण जंगलाचा एक अतिशय लहान नमुना पाहून आलो आहोत.

नमुना लहान असण्याने फारसे बिघडत नाही. विज्ञानाचे पुष्कळसे काम लहान नमुन्यावरच चालते. खरी अडचण तो नमुना कसा निवडला जातो ही आहे. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागी चितळांचे कळप चरतात, म्हणून चितळ भरपूर दिसतात. चौशिंगा एकेकटा, झुडपांच्या आडोशाने राहतो, म्हणून तो क्वचित दिसतो. अस्वल बहुतेक रात्री हिंडते. रानकुत्रे दिवसा आणि टोळीने शिकार करतात, म्हणून ते दिसले तर एकदम पाच-सहा दिसतात. प्राण्यांच्या यादीत आपण जे प्रमाण लिहून आणतो, ते जंगलातील प्राण्यांचे प्रमाण नसते. ते ‘रस्त्यावरून दिवसा दिसण्याचे’ प्रमाण असते. हा फरक एकदा नववीच्या विद्यार्थ्याला कळला, की पुढे वर्तमानपत्रातील कोणतीही पाहणी तो वेगळ्या नजरेने वाचेल.

उन्हाळ्यातच का जातो?

शाळांच्या सुट्ट्या उन्हाळ्यात असतात हे एक कारण. पण पर्यटकही एप्रिल-मे महिन्यांनाच पसंती देतात, कारण तेव्हा वाघ दिसण्याची शक्यता जास्त असते. असे का होते, हा प्रश्न सहलीच्या आधीच वर्गात विचारण्याजोगा आहे.

ताडोबाचे जंगल उष्ण कटिबंधातील शुष्क पानगळीचे जंगल आहे. पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने झाडांना साठवलेल्या ओलीवर काढायचे असतात. सागाचे पान केवढे मोठे असते ते मुलांना माहीत असते. एवढ्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत राहिले, तर उन्हाळ्यात झाडाला पाण्याचा खर्च परवडणार नाही. म्हणून साग पाने गाळतो. साग, ऐन, सालई, मोई असे एकेक झाड उघडे पडत जाते आणि जंगल आरपार दिसू लागते. त्याच सुमारास नाले आणि डबकी आटतात. पाणी मोजक्या तलावांत आणि पाणवठ्यांत उरते. प्राण्यांना तिथे यावेच लागते. म्हणजे आपण ज्याला ‘चांगला सीझन’ म्हणतो, तो प्राण्यांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत कठीण काळ असतो. आपल्याला वाघ सहज दिसतो, याचे मूळ पाण्याच्या टंचाईत आहे.

पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. नेमके याच काळात बियाणे रुजते, उन्हाळ्यात पडलेला पाचोळा बुरशी आणि वाळवी मिळून कुजवतात, गवत वर येते आणि वर्षभराच्या अन्नाची बेगमी होते. हे आपण पाहू शकत नाही, आणि पाहायला जाऊही नये. पण ते घडते एवढे तरी वृत्तांतात आले पाहिजे. नाहीतर उघड्याबोडक्या झाडांचे, धुळीचे आणि पाणवठ्यावरच्या गर्दीचे चित्र हेच जंगलाचे कायमचे रूप आहे, अशी मुलांची समजूत होते.

‘दिसला’ आणि ‘आहे’

वाघ न दिसलेल्या गटातील एका मुलाने लिहिले होते, की ताडोबात आता वाघ कमी झाले असावेत. निष्कर्ष चुकीचा आहे, पण मुलाने निरीक्षणावरून निष्कर्ष काढला ही चांगली गोष्ट. त्याला रागावण्याऐवजी पुढचे गणित द्यावे. समजा, एका फेरीत वाघ दिसण्याची शक्यता ०.४ आहे. मग न दिसण्याची शक्यता ०.६. लागोपाठ चार फेऱ्यांत न दिसण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.१३. जंगलात वाघ व्यवस्थित असूनही दर आठ गटांपैकी साधारण एक गट चारही फेऱ्या करून रिकाम्या हाताने परतेल. त्यात नशिबाचा खोटेपणा नाही आणि वाघांची घटही नाही. संभाव्यतेच्या धड्यातले हे साधे उदाहरण आहे.

‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांची गल्लत फक्त मुलेच करतात असे नाही. आपल्या देशात कित्येक वर्षे वाघांची गणना पाऊलखुणांवरून होत असे. काचेवर ठशाची रेघ काढायची, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि हा ठसा अमुक वाघाचा असे ठरवायचे. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा आणि कोरड्या धुळीत वेगळा उमटतो. शिवाय सगळे वाघ मोजले गेले असे गृहीत धरलेले असे. राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते, आणि २००५ साली स्पष्ट झाले, की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही. शिकारीने ते संपले होते. सदोष मोजमापाची किंमत केवढी असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावरचा उपाय मुलांना वर्गात हाताने करून पाहता येतो. एका डब्यात वाल घ्या, किती ते मोजू नका. त्यांतले ४० काढून त्यांवर शाईची खूण करा आणि परत मिसळा. नीट हलवून ५० वाल काढा. त्यांत १० खुणेचे निघाले, तर खुणेच्या वालांचे प्रमाण पाचास एक झाले. मग डब्यातले एकूण वाल सुमारे ४० गुणिले ५, म्हणजे २००. आता सगळे मोजून पडताळा घ्या. हाच प्रयोग तीन-चार गटांनी केला, तर उत्तरे थोडी वेगवेगळी येतील, आणि ‘अंदाज’ म्हणजे काय हेही कळेल. वाघाच्या अंगावर खूण करावी लागत नाही, त्याचे पट्टे हीच खूण. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. रस्त्याकडेला बसवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतून छायाचित्रे मिळवून ही पद्धत डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे वापरली आणि १९९५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे देशपातळीवरही कॅमेऱ्यांवर आधारित पद्धत आली. तिच्यानुसार २००६ साली देशात १,४११ वाघांचा अंदाज होता. २०२२ च्या पाहणीत किमान ३,१६७ आणि सरासरी ३,६८२ असा अंदाज आला, आणि त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रातले होते. या आकड्यांमध्ये ‘किमान’ आणि ‘सरासरी’ हे शब्द का आहेत, ते वालांचा प्रयोग केलेला विद्यार्थी सांगू शकेल.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी नोंदवण्याचा उपक्रम महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. रात्रभर गप्प बसून जंगल ऐकण्याचा अनुभव म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु एकच सांबर दोन पाणवठ्यांवर मोजले जाऊ शकते आणि एखादे त्या रात्री पाण्यावर येतही नाही. म्हणून ती खरी गणना होत नाही. वनविभागही आता या कार्यक्रमाला निसर्गानुभव असे नाव देतो, हे योग्यच झाले.

वाघाच्या खाली उभे असलेले जंगल

वाघाला वर्षाला चितळ-सांबराएवढी सुमारे ५० जनावरे लागतात. शिकार होऊनही कळपाची संख्या टिकायची असेल, तर वर्षाला साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त जनावरे जाऊन चालणार नाही. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० खुरांचे प्राणी असावे लागतात. मुलांच्या वृत्तांतात ‘नुसतीच चितळे दिसली’ असे वाक्य वारंवार येते. त्या ‘नुसत्याच’ चितळांवर वाघ उभा आहे. चितळे गवतावर आणि पाल्यावर, आणि गवत जमिनीतल्या ओलीवर. चार फेऱ्यांत ३०० चितळे मोजून आणलेल्या गटाने जंगलाबद्दल वाघाचे एक छायाचित्र आणणाऱ्या गटापेक्षा जास्त माहिती आणली आहे.

जिप्सी वाघाच्या मागे धावते, तेव्हा वाटेत काय सुटते? वानरांची टोळी झाडावर खात असते आणि खाली पडलेली पाने, फळे चितळे खातात. वानर उंचावरून दूरचे पाहते, चितळाला वास आणि आवाज लवकर कळतो. दोघांचे इशारे एकमेकांना उपयोगी पडतात. मध्य प्रदेशातील कान्हा येथे या सहवासाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. आपला गाइड चितळाचा ‘कॉल’ ऐकून गाडी वळवतो, म्हणजे तोही याच व्यवस्थेतला तिसरा श्रोता असतो. मग वाघ दिसो वा न दिसो, कोणी आवाज दिला, किती वेळा दिला, मग कोण सावध झाले, हे नोंदवणे हा उत्तम पाठ आहे.

वाळवीच्या वारुळाजवळ मातीत अस्वलाने उकरलेला खड्डा असतो. एरवी वाळवीचे नाव काढले, की आपल्याला घरातली चौकट आठवते. इथे तीच वाळवी वाळलेले लाकूड आणि पाला मातीत परत नेते. मोहाची गोड, मांसल फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जमिनीवर पडतात. ती खायला चितळ येते, अस्वल येते, आणि टोपली घेऊन माणूसही येतो.

काठावरची माणसे

या माणसाविषयी वृत्तांतांमध्ये जवळजवळ काहीच नव्हते. ताडोबाच्या तलावाकाठी तारू देवाचे स्थान आहे. वाघाशी झुंजताना मरण आलेला गावाचा प्रमुख म्हणून गोंड लोक त्याला मानतात, आणि उद्यानाचे नावही त्याच्यावरूनच आले असे सांगतात. गाभ्यातली नवेगाव, जामणी यांसारखी गावे बाहेर हलवली गेली. त्यांच्या जुन्या शेतांवर आज गवताळ कुरणे आहेत. मुलांनी ज्या कुरणावर चितळांचा कळप पाहिला, तिथे काही वर्षांपूर्वी कोणाचे तरी घर होते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावतात. उन्हाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्या आपण पुण्यात बसून वाचतो. ज्या वाघिणीचे छायाचित्र आपण कौतुकाने लावतो, तिच्याच भीतीने एखाद्या गावात संध्याकाळी मुलांना घराबाहेर सोडत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय वन्यजीव संरक्षणाचा पाठ पूर्ण होत नाही.

‘दिसलाच पाहिजे’ या हट्टाचा त्रास वाघालाही होतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि चालक यांच्यावर कारवाई झाली. पण त्यांच्यावर दबाव कोणाचा होता? मागे बसलेले प्रवासी ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणत असतात. आपली मुले उद्या त्याच आसनावर बसणार आहेत.

सफारी टाकून द्यावी का?

असे माझे म्हणणे नाही. मोकळा वाघ एकदा पाहिलेला विद्यार्थी तो कधी विसरत नाही, आणि त्या आनंदाला कमी लेखू नये. पर्यटनामुळे भोवतालच्या गावांतील तरुण-तरुणींना गाइड म्हणून, चालक म्हणून काम मिळते. जंगल टिकण्यात त्यांचा स्वार्थ निर्माण होतो, आणि संरक्षणासाठी तो फार उपयोगाचा असतो. पिसावरून पक्षी आणि विष्ठेवरून प्राणी ओळखणारे गाइड तिथे आहेत. त्यांना आपण फक्त ‘वाघ कुठे आहे?’ एवढेच विचारतो, ही उणीव आपली आहे. तेव्हा सहल जरूर न्यावी, पण तिची आखणी बदलावी.

त्यासाठी काही सूचना. प्रत्येक मुलाच्या हातात निरीक्षणाचा तक्ता असावा: वेळ, किलोमीटर, प्राणी, संख्या, तो काय करत होता, रस्त्यापासून अंतर. दहा मिनिटांत काहीच दिसले नाही, तर ‘काही नाही’ असे लिहावे. शून्य हीसुद्धा नोंद आहे. निदान एका फेरीत गाइडला आधीच सांगावे, की आम्हाला वाघाचा माग नको, एका पाणवठ्याशी परवानगी असेल तितका वेळ गाडी बंद करून थांबायचे आहे. एक संध्याकाळ गाइडशी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलण्यासाठी राखून ठेवावी. जाण्यापूर्वी व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचे एखादे पुस्तक वर्गात वाचावे. जंगलात सावकाश राहिलेली माणसे काय काय पाहतात, ते त्यातून कळते.

सर्वांत महत्त्वाची सूचना धायरीतल्या आणि अशाच शहरकाठच्या शाळांसाठी आहे. धायरीचा उरलेला भाग २०१७ साली पुणे महापालिकेत आला. पूर्वीची शेते इमारतींखाली गेली आहेत, तरी सिंहगडाकडे जाणारी डोंगररांग अजून दृष्टीच्या टप्प्यात आहे. पुण्याच्या टेकड्यांवर सालई, मोई, पळस, बहावा ही झाडे आढळतात, म्हणजे ताडोबातल्याच काही जाती. पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ महिने हे वेळापत्रकही तेच. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा एक तुकडा निवडून, दर महिन्याला एकदा तिथे जाऊन, कोणते झाड कधी निष्पर्ण झाले, पळस कधी फुलला, गवताचे बी मुंग्यांनी कधी नेले, वणव्यानंतर पहिल्यांदा काय उगवले, याची वही वर्षभर ठेवावी. याला खर्च जवळजवळ नाही. अशी वही भरलेली मुले ताडोबाला गेली, तर त्यांना सागाचा पाचोळा नुसता पाचोळा वाटणार नाही, आणि दोन्हीकडच्या नोंदींची तुलना करता येईल. सहलीला जाणे ज्यांना परवडत नाही, ती मुलेही या अभ्यासात बरोबरीने असतील.

येत्या जूनमध्ये शाळा उघडली, की पहिल्या पावसाआधी तो तुकडा निवडून चार कोपऱ्यांवर दगड ठेवून घ्यावेत. पहिली नोंद कोरड्या जमिनीची हवी. ती राहिली, तर पुढच्या नोंदींची तुलना कशाशी करणार?